शून्य नव्हे, चांदणी



या सदरातून मी आजवर मुदतठेवी, वारसनोंद, आरोग्यविमा आणि जामीन राहण्यातील धोके अशा विषयांवर लिहीत आलो. या वेळचा विषय पाहून वाचकांना नवल वाटेल. तो आहे परदेशातील घरे उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरच्या व्हॉल्व्हचा. सांगली-कोल्हापूरच्या हवेत त्याचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु आज आपल्या व्यापारी घरांतील किती मुले-मुली इंग्लंडात किंवा युरोपात संसार करीत आहेत, हे याच मासिकातील शुभवार्तांच्या पानावरून सहज कळते. गेल्या जानेवारीत लेस्टरला आमच्या लेकीच्या घरी जे घडले, ते आधी कोणी सांगितले असते तर आमची एक रात्र आणि बरेचसे पौंड वाचले असते. म्हणून हा प्रपंच.

लेकीचे घर जुने, एकाला एक लागून असलेल्या विटांच्या घरांच्या रांगेतले. स्वयंपाकघरात गॅसवर चालणारा बॉयलर. तो पाणी तापवतो, पंप ते पाणी तांब्याच्या नळ्यांतून घरभर फिरवतो, आणि प्रत्येक खोलीतील पत्र्याच्या पोकळ पेटीतून, म्हणजे रेडिएटरमधून, ते जाऊन पुन्हा बॉयलरकडे परतते. तेच पाणी वर्षानुवर्षे फिरत राहते. असे नऊ रेडिएटर त्या घरात आहेत. नात तेव्हा चार महिन्यांची होती.

आम्ही दोघे येणार म्हणून जावईबापूंनी मागची खोली रंगवायला घेतली होती. आमच्या येण्यापूर्वी काम पुरे झाले नाही, तेव्हा आम्ही दोघे पुढच्या बैठकीत झोपत होतो. रेडिएटरमागची भिंत नीट रंगवता यावी म्हणून त्यांनी तो काढून अंगणात नेऊन ठेवला. काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या कळी बंद केल्या. एका बाजूची पान्याने आवळली. दुसऱ्या बाजूला आकडे असलेली गोल मूठ होती. ती पाच, चार, तीन करीत शेवटपर्यंत फिरवली. शेवटी शून्य नव्हते, तेथे एक चांदणी कोरलेली होती. जावईबापूंनी ती शून्यच मानली. मीही शेजारी उभा होतो, मीही मानली. रंगाचा वास जावा म्हणून खिडकी उघडी ठेवली, खोलीचे दार लावून घेतले आणि सर्व जण झोपलो. बाहेर पारा शून्याखाली चार अंशांवर होता.

पहाटे तीनच्या सुमारास लेकीच्या हाकेने जाग आली. जेवणघराच्या छतातून काळे पाणी ठिबकत होते. वर जाऊन पाहिले तर ज्या नळीचे तोंड उघडे होते, तिच्यातून धार लागली होती. जुन्या रेडिएटरांत गंजाचा बारीक काळा गाळ साचतो. तो सगळा नव्या गालिच्यावर. दोन बादल्या भरल्या. पाण्याचा दाब उतरल्यामुळे बॉयलर आपणहून बंद पडला आणि तासाभरात घर गारठू लागले. नातीला दोन शालींत गुंडाळून सौ. रात्रभर मांडीवर घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी प्लंबर येईपर्यंत आम्ही एका खोलीत एका विजेच्या शेगडीभोवती होतो. चार महिन्यांच्या बाळाचे हातपाय थंड लागले की मोठ्या माणसांच्या जिवाची काय अवस्था होते, ते सांगायला नको.

ती चांदणी म्हणजे ‘बंद’ नव्हे. ती हिमकणाची खूण आहे. तिचा अर्थ असा की खोलीचे तापमान साधारण सहा-सात अंशांपर्यंत उतरले तर व्हॉल्व्हने आपणहून उघडावे, म्हणजे नळ्यांतील पाणी गोठून नळ्या फुटणार नाहीत. आमच्या उघड्या खिडकीच्या खोलीत नेमके तेवढे तापमान उतरले, आणि व्हॉल्व्हने आपले कर्तव्य चोख बजावले. पुढे रेडिएटर नव्हता, हे त्याला कसे कळावे?

प्लंबर सज्जन होता. त्याने उघड्या तोंडाला धातूचे बूच बसवले, पाणी भरले, बॉयलर सुरू केला. जाताना घरभर फिरून त्याने सर्व व्हॉल्व्ह पाहिले आणि संध्याकाळी कोटेशन पाठवले: जुने सर्व व्हॉल्व्ह काढून नवे बसवण्याचे 640 पौंड. रात्रीच्या भीतीने जावईबापू लगेच होकार कळवायला निघाले होते. मी म्हणालो, “पाहणी अहवालाआधी मंजुरी द्यायची नाही, ही चाळीस वर्षांची सवय आहे. चार दिवस थांबा.” ते म्हणाले, “बाबा, बाळ आहे घरात. पैशाचं पाहत बसायचं का?” हा प्रश्न रास्त होता आणि त्याने मी थोडा दुखावलोही. परंतु बाळ घरात आहे म्हणूनच नेमके काय बिघडले आहे ते कळायला हवे, असे मला वाटत होते. सरसकट सगळे बदलल्याने चांदणीचा अर्थ बदलणार नव्हता.

लेस्टरमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका जुन्या चर्चच्या इमारतीत आपले देरासर आहे. 1988 पासून तेथे पूजाअर्चा सुरू आहे. रविवारी तेथे एका वृद्ध गृहस्थांची गाठ पडली. 1972 मध्ये युगांडातून हाकलल्या गेलेल्या गुजराती कुटुंबांपैकी ते. त्यांनी तीस वर्षे नळसामानाचे दुकान चालवले होते. माझी हकिकत ऐकून ते हसले नाहीत, हे मला आवडले. “बहुत लोगों का हुआ है,” एवढेच म्हणाले आणि सोमवारी सकाळी कोटाच्या खिशात एक पाना घालून घरी हजर झाले. पुढचे दोन तास मी त्यांच्यामागे वही घेऊन हिंडलो. या लेखातील बहुतेक ज्ञान त्या वहीतले आहे.

प्रत्येक रेडिएटरला दोन व्हॉल्व्ह असतात. एक घरच्या माणसांनी रोज हाताळायचा. तो साध्या चाकाचा असतो, किंवा आकडे असलेला स्वयंचलित म्हणजे थर्मोस्टॅटिक असतो. दुसरा टोपीखाली झाकलेला, त्याला लॉकशील्ड म्हणतात. तो एकदाच पान्याने जुळवायचा आणि विसरून जायचा. आकड्यांच्या व्हॉल्व्हचे पुन्हा दोन भाग: डोके आणि धड. धड पितळेचे, नळीला जोडलेले, त्यातून पाणी जाते. डोके वरून आट्यांवर बसवलेले. त्यात मेण, द्रव किंवा वायू भरलेली एक छोटी कुपी असते. खोलीतील हवा तापली की कुपीतील पदार्थ फुगतो आणि धडातून वर आलेली एक पिन खाली दाबतो. पाण्याची वाट अरुंद होते. हवा निवली की आतली स्प्रिंग पिन वर उचलते. ना वीज, ना सेल. डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेन यांनी 1943 मध्ये हे यंत्र शोधले. आपल्या वडिलांच्या शेतावरील घरातून 1933 मध्ये त्यांनी जो उद्योग सुरू केला होता, तोच आजचा डॅनफॉस. व्यापारी वाचकांना हा तपशील आवडेल म्हणून सांगितला.

डोके आणि धड यांतील हा फरक कळताच माझ्या दृष्टीने निम्मे कोटेशन वितळले. डोके बदलायला पाणी काढावे लागत नाही. हाताने आटे सैल करून पाच मिनिटांत काम होते. धड बदलायचे तर दाब उतरवा, नळ्या रिकाम्या करा, नवे बसवा, पुन्हा भरा, हवा काढा आणि गंजरोधक द्रव नव्याने घाला. खरा खर्च मजुरीचा, आणि तो धडासाठी. तेव्हा व्यवहार करण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न हा: बिघाड डोक्यात आहे की धडात?

शेठजींनी एकेका व्हॉल्व्हचे डोके काढून पिन पाहिली. ती पान्याच्या सपाट बाजूने हलकेच दाबल्यावर दोन-तीन मिलिमीटर खाली जाऊन स्वतः वर यायला हवी. जेवणघरातील पिन अडकली होती. दहा-बारा वेळा दाबल्यावर मोकळी झाली. उन्हाळाभर व्हॉल्व्ह बंद ठेवला की पिन दाबलेल्या अवस्थेत चिकटून बसते आणि ऑक्टोबरात रेडिएटर गार राहतो. यावर उपाय फुकट आहे: उन्हाळ्यात, बॉयलर बंद असताना, सर्व डोकी पूर्ण उघडी ठेवायची. पिन पकडीने ओढायची मात्र नाही. ती हातात आली तर मागोमाग गरम पाणी येते. माळ्यावरच्या खोलीतील पिन वर येईना आणि तिच्या मुळाशी पाझर होता. ते धड गेलेले. स्वयंपाकघरात डोक्याला तडा होता, धड उत्तम.

मागच्या, म्हणजे आमच्या खोलीतला व्हॉल्व्ह वेगळीच गोष्ट निघाला. लेक सांगत असे की त्या खोलीत रात्री भिंतीत कोणी टकटक करते. शेठजींनी धडावर कोरलेला एक बाण दाखवला. जुन्या व्हॉल्व्हमधून पाणी एकाच दिशेने जावे लागे, आणि कोणा पूर्वीच्या कारागिराने तो परतीच्या नळीवर बसवला होता. पाणी उलट दिशेने आल्यामुळे, वाट अरुंद होत आली की आतली चकती आपटत राही. आता बाजारात मिळणाऱ्या बहुतेक व्हॉल्व्हवर दोन तोंडांचा बाण असतो; ते कोणत्याही बाजूला चालतात. विकत घेताना तेवढा बाण पाहावा. जोडीला 15 मिलिमीटरची नळी आहे की 8 किंवा 10 मिलिमीटरची बारीक, हे मोजून न्यावे. नळी जमिनीतून वर येत असेल तर काटकोनी, आडवी सरळ येत असेल तर सरळ, आणि कोपऱ्यात भिंतीतून येत असेल तर कॉर्नर प्रकारचे धड लागते. दिसायला चकचकीत आहे म्हणून आणलेला व्हॉल्व्ह नळीला बसत नाही आणि दुकानदार खोके उघडले म्हणून परत घेत नाही, हे जावईबापूंनी पूर्वी एकदा अनुभवले होते.

डोके आणताना धडाचे आटे जुळतात का ते पाहावे. 30 मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर अंतराचे आटे बऱ्याच कंपन्यांत सारखे आहेत, पण सर्वच तसे नाहीत. काहींचे डोके खटक्याने बसते. युरोपात या व्हॉल्व्हसाठी ईएन 215 हे मानक आहे. खोक्यावर तो आकडा असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

नातीच्या खोलीत व्हॉल्व्ह अगदी ठाकठीक होता, तरी खोली थंड राही. याचे कारण शोधायला शेठजींना निमिषही लागले नाही. जाड पडदा जमिनीपर्यंत सोडलेला होता आणि त्याच्या आड ते डोके. पडद्यामागची हवा लवकर तापे, डोक्याला वाटे खोली उबदार झाली, आणि ते पाणी तोडी. नात पाळण्यात थंडीत. पडदा आखूड करावा, नाही तर वेगळ्या संवेदकाचे डोके घ्यावे: त्यात कुपी भिंतीवर दूर लावतात आणि बारीक नळीने ती डोक्याशी जोडलेली असते. बाळाच्या झोपण्याच्या खोलीत 16 ते 20 अंश तापमान असावे असे तेथील बालसंगोपनाची पत्रके सांगतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने थंड हवामानात घर किमान 18 अंश असावे असे म्हटले आहे. जास्त उबही बाळाला बरी नसते. म्हणून त्या एका खोलीत काटेकोरपणा आवश्यक होता. येथे मी पैशाचा विचार केला नाही.

आकड्यांबद्दल सौ.चा आणि माझा मतभेद झाला. थंडी वाजली की ती मूठ पाचवर नेई आणि उकडू लागले की चांदणीवर. तिचे म्हणणे, पाचवर लवकर तापते. तसे होत नाही. आकडा म्हणजे वेग नव्हे, थांबण्याचे ठिकाण. तीनवर साधारण 20 अंशांशी व्हॉल्व्ह मिटू लागतो, पाचवर त्याच्या बऱ्याच पुढे. कंपनीगणिक थोडा फरक असतो. थंड खोलीत तीन आणि पाच दोन्ही ठिकाणी वाट सारखीच मोकळी असते. दोन दिवस तीनवर ठेवून हात न लावण्याचा प्रयोग झाला. तिने निकाल मान्य केला, पण माझ्यासमोर नाही, लेकीसमोर.

दोन रेडिएटरांना शेठजींनी मुद्दाम हात लावला नाही. पहिला दिवाणखान्याबाहेरच्या बोळातला. तेथील भिंतीवर सर्व घराचा मुख्य थर्मोस्टॅट आहे. तो बोळ उबला की बॉयलर थांबवतो. त्याच जागी रेडिएटरलाही स्वयंचलित व्हॉल्व्ह बसवला तर तो आधी मिटतो, बोळ कधीच पुरता तापत नाही, आणि बॉयलर चालतच राहतो. एका खात्यावर परस्परविरोधी सूचना देणारे दोन सहीदार असावेत, तसा हा प्रकार. तेथे साधे चाकच योग्य. कोटेशनमध्ये मात्र तेथेही नवा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह धरला होता. दुसरा न्हाणीघरातला, टॉवेल वाळवण्याचा. सर्व खोल्यांचे व्हॉल्व्ह एकाच वेळी मिटले तर पंपाच्या पाण्याला जायला एक तरी वाट मोकळी हवी. तो तिचे काम करीत होता. काही घरांत यासाठी वेगळा बायपास व्हॉल्व्ह असतो. तो असेल तर प्रश्न नाही.

मग लॉकशील्ड. सांगली जिल्ह्यात शाखाधिकारी असताना पाटाच्या पाण्याची भांडणे मी पुष्कळ ऐकली आहेत. मुखाजवळचा शेतकरी पोटभर पाणी घेतो आणि शेपटाकडच्या उसाला सुकावे लागते. नळ्यांतील पाण्याचेही तेच. बॉयलरजवळचे स्वयंपाकघर भट्टीसारखे आणि माळ्यावरची खोली गार, म्हणून लोक मोठा बॉयलर घेतात. शेठजींनी जवळच्या रेडिएटरांचे लॉकशील्ड जवळजवळ मिटवून अर्धा-पाऊण फेराच मोकळे ठेवले आणि दूरचे पुरे उघडले. एकेक दुरुस्ती करायची, वीस मिनिटे थांबायचे, जाणाऱ्या आणि परतणाऱ्या नळीचे तापमान पाहायचे, पुन्हा पाव फेरा. कंटाळवाणे काम, अर्धा दिवस गेला. परंतु माळा त्या दिवशी प्रथमच उबला, तोही पैशाविना. पाणी निवून परतले की आजच्या कंडेन्सिंग बॉयलरलाही ते हितकारक असते: परतीचे पाणी साधारण 55 अंशांखाली असेल तरच धुरातील वाफेची उष्णता त्याला परत मिळवता येते.

जावईबापूंच्या मनात मोबाइलवरून चालणारी डोकी होती, एकेक साठ पौंडांचे. मी त्यांना विरोध केला नाही. ज्या घरातील सर्व माणसे सकाळी दुकानात जाऊन रात्री परततात, तेथे खोलीनिहाय वेळापत्रकाने गॅस निश्चित वाचेल. परंतु जेथे बाळ आणि बाळाची आई दिवसभर घरात आहेत, तेथे वेळापत्रकाला वाव किती? शिवाय त्यांत सेल असतात आणि ते नेमके कडाक्याच्या थंडीत संपतात. हीही डोकी त्याच धडावर बसतात, तेव्हा पुढे कधी वाटले तर घेता येतील. हा मुद्दा त्यांना पटला.

हिशेब असा झाला. दोन नवी धडे, डोकी व लॉकशील्डसह, 44 पौंड. स्वयंपाकघराचे डोके 14. नातीच्या खोलीचे वेगळ्या संवेदकाचे डोके 38. गंजरोधक द्रव 16. त्याच प्लंबरची अर्ध्या दिवसाची मजुरी 160. एकूण 272. त्याला काम दिले, कारण रात्रीनंतर तो धावून आला होता आणि त्याच्या बाजूनेही विचार करायला हवा: सगळे बदलले की पुढे तक्रार येत नाही, म्हणून कारागीर तसेच सुचवतो. आपण यादी करून दिली तर तो यादीप्रमाणे काम करतो. मी त्याला खोलीनिहाय तक्ता दिला, तेव्हा त्याने तो घडी करून खिशात ठेवला. एक सावधगिरी मात्र सांगतो. हे सर्व पाण्याच्या बाजूचे काम आहे. बॉयलरमधील गॅसला गॅस सेफच्या नोंदणीकृत कारागिराखेरीज कोणी हात लावायचा नाही. तेथे काटकसर नको. आणि इंग्लंडात 15 जून 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे बॉयलर बदलताना, शक्य असेल तेथे, खोल्यांना स्वतंत्र तापमाननियंत्रण द्यावे लागते. तेव्हा बॉयलर लवकरच बदलणार असाल तर व्हॉल्व्हचे काम त्याच वेळी काढावे, मजुरी एकदाच पडते. भाड्याच्या घरात हा सर्व विषय घरमालकाचा.

राहिली ती चांदणी. नव्या व्हॉल्व्हच्या खोक्यात प्लास्टिकची एक छोटी टोपी येते, आणि पुष्कळ लोक ती खोक्यासह फेकून देतात. रेडिएटर उतरवायचा असेल तर आधी डोके काढून त्या जागी ही टोपी पिरगळून बसवायची, म्हणजे पिन खाली दाबलेली राहते, हवा कितीही थंड होवो. काही कंपन्यांची टोपी केवळ वाहतुकीतील संरक्षणासाठी असते, म्हणून सोबतचा कागद वाचावा. आणि कोणतीही टोपी असली तरी नळीच्या उघड्या तोंडाला धातूचे बूच लावल्याखेरीज रात्री झोपू नये. असे बूच तेथील कोणत्याही नळसामानाच्या दुकानात दोन-तीन पौंडांना मिळते.

दोन्ही टोप्या आणि एक बूच मी पाकिटात घालून बॉयलरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले, शेजारी माझा तक्ता. शेठजींना काही देऊ केले तर त्यांनी घेतले नाही, सौ.च्या हातचे थालीपीठ मात्र दोनदा मागून घेतले, आणि कांदा-लसूण नाही ना, हे आधी विचारून घेतले.

या ऑक्टोबरात लेकीचा फोन आला. जेवणघराची पिन पुन्हा अडकली होती; तिने स्वतःच डोके काढून ती मोकळी केली. माळ्यावर ऊब चांगली आहे. नातीच्या खोलीतल्या डोक्याची पावती तेवढी सापडत नव्हती, वॉरंटीसाठी हवी होती. ती माझ्याकडेच, सांगलीच्या कपाटात, फाइलला लावलेली होती. त्याच संध्याकाळी छायाचित्र काढून पाठवून दिली.